‘ध’चा ‘मा’ : एका दंतकथेची भाषिक चिकित्सा

१

लिहिलेल्या मजकुरात अल्पसा फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे, या अर्थाने ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. त्याचा उगम शाळकरी मुलासही ठाऊक असतो. नारायणराव पेशव्यास ‘धरावे’ अशी आज्ञा राघोबादादाने गारद्यांना लिहून दिली आणि आनंदीबाईने तीत ‘ध’च्या जागी ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, ही ती कथा होय. इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्या खरेखोटेपणाची चर्चा अनेकवार केली आहे. तथापि कथेचा कणा एका शब्दाच्या, किंबहुना एका अक्षराच्या, बदलावर उभा असूनही तो शब्द, ते अक्षर आणि ती लिपी यांचा विचार मात्र ओझरताच होत आला. प्रस्तुत लेखात तो विचार करावयाचा आहे. नारायणरावाचा खुनी कोण, याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. ही कथा कशी घडली असावी, ती टिकली का, आणि तिच्यामुळे काय झाकले गेले, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रथम घटना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरला माधवराव थेऊर येथे वारला. मृत्यूपूर्वी त्याने आपला धाकटा भाऊ नारायणराव यास चुलता रघुनाथराव याच्या हाती सोपविले होते. नारायणरावाचे वय त्या वेळी सतरा वर्षांचे होते. चुलत्यापुतण्यांचे सख्य काही महिनेही टिकले नाही. १७७३ च्या एप्रिलात रघुनाथरावास शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि पुढे त्याने निसटण्याची खटपट केल्यावर पहारे अधिक कडक झाले. भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, सोमवार दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सव संपण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी गारदी वाड्यात शिरले. थकलेल्या पगाराचे निमित्त त्यांनी पुढे केले होते. नारायणराव जिवाच्या आकांताने चुलत्याच्या दालनात धावला आणि तेथेच मारला गेला. त्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही पडला. वाड्यातील आणखी काही निरपराध माणसे त्याच गर्दीत कापली गेली. सुमेरसिंग, महंमद यूसुफ आणि खरकसिंग हे गारद्यांचे पुढारी, आणि त्यांच्या जोडीला तुळाजी पवार हा खुद्द वाड्यातील खिजमतगार, ही नावे सर्व वृत्तांतांत येतात.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या प्रकरणाची चौकशी केली. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांचा निष्कर्ष ठरला आणि तो त्यांनी रघुनाथरावाच्या तोंडावर सांगितला. गारद्यांना आपण पुतण्यास धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा दिला नव्हता, असे रघुनाथरावाने कबूल केल्याचे सांगतात. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज या पातकास दुसरे प्रायश्चित्त नाही, असे सांगून शास्त्रीबोवा पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले. रियासतकार सरदेसाई यांनी एकत्र केलेल्या माहितीवरून या कटात सामील म्हणून ठरलेल्या माणसांची संख्या पन्नासाच्या घरात जाते, आणि त्यांत गारदी थोडे, तर कारकून, मुत्सद्दी, शिलेदार आणि वाड्यातील नोकरमाणसे अधिक होती. ही संख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचे प्रयोजन आहे.

३

हा खून परक्यांनी केलेला नव्हता. ज्यांनी एकत्र स्वाऱ्या केल्या, एका पंगतीत जेवण केले, एकमेकांच्या मुलांच्या मुंजी आणि लग्ने पाहिली, अशा माणसांच्या वर्तुळात तो घडला. सखाराम बापू बोकील हा रघुनाथरावाचा जुना स्नेही. १७६२ साली आळेगाव येथे तरुण माधवरावास चुलत्यापुढे नमावे लागले, तेव्हा बापू रघुनाथरावाच्या बाजूस होता. पुढे माधवरावाने त्याचे शहाणपण ओळखून त्यास कारभारात ठेविले, आणि नारायणरावाच्या अल्प कारकिर्दीत मुख्य कारभारी तोच होता. साडेतीन शहाण्यांत त्याची गणना पूर्ण शहाणा म्हणून, तर नाना फडणिसाची अर्धा म्हणून होते, यावरून लोकांनी दोघांस कोणत्या तराजूत तोलले ते दिसते. मोरोबा हा नानाचा चुलतभाऊ. हरिपंत फडके पेशव्याच्या विश्वासातला. ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार खुनाच्या दिवशी सकाळीच नारायणरावाने गारद्यांची लक्षणे बरी नसल्याचे हरिपंतास सांगून बंदोबस्ताची आज्ञा केली होती. बंदोबस्त करण्याचे कबूल करून हरिपंत एका स्नेह्याकडे भोजनास गेला. या वृत्तांतातील तपशील खरा असो वा नसो, त्यात जे चित्र आहे ते त्या वर्तुळाच्या स्वभावास धरून आहे. प्रत्येकास काहीतरी कानावर आलेले होते, आणि प्रत्येकाने ते दुपारनंतर पाहू म्हणून ठेविले होते.

खुनानंतर हे वर्तुळ लगेच फुटले नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रघुनाथराव पेशवा झाला, त्याने निजामावर स्वारी काढली, आणि हीच मंडळी त्याच्या लष्करात सामील होऊन निघाली. नंतर कोणी प्रकृतीचे, कोणी कामाचे निमित्त सांगून एकेक जण मागे फिरला. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर असल्याचे कळल्यावर तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवून सखाराम बापू, नाना, मोरोबा, त्रिंबकराव पेठे, हरिपंत आदींनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मला आणि सुमारे चाळीस दिवसांचा असतानाच पेशवा झाला.

परंतु या भावांचे आतले मन कधीच एक झाले नाही. बारभाईंच्या वतीने १ मार्च १७७६ रोजी इंग्रजांशी पुरंदरचा तह करणारा सखाराम बापू थोड्याच काळात रघुनाथरावास परत आणण्याच्या गुप्त खटपटीत सापडतो. १७७८ साली मोरोबा नानाविरुद्ध उठतो आणि कैदेत पडतो. १७७९ मध्ये वडगावच्या प्रसंगानंतर बापूचे अंग या खटपटीत असल्याचा लेखी पुरावा पुढे येऊन तोही धरला जातो, आणि १७८१ साली रायगडावर कैदेतच त्याचा अंत होतो. आयुष्यभर कागदाच्या बळावर राज्य हलविणाऱ्या मुत्सद्द्यास शेवटी कागदानेच बुडवावे, यात एक कठोर न्याय आहे. मात्र १७७३ च्या ऑगस्टात बापूस नेमके काय ठाऊक होते, हा प्रश्न त्याच्याबरोबर रायगडावरच राहिला. नानाने लिहिलेले आत्मवृत्त पानिपताच्या सुमारास थांबते. त्याच्याकडूनही या बाबतीत साक्ष मिळत नाही.

४

आता चिठ्ठीकडे वळू. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची हकीकत स्पष्ट शब्दांत सांगणारा आणि पुढील लेखकांचा मुख्य आधार ठरलेला ग्रंथ म्हणजे १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. रामशास्त्र्यांना मूळ कागद नंतर सापडला, त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले आढळले, आणि हा बदल आनंदीबाईने केला असा सर्वत्र समज आहे, असा त्याच्या निवेदनाचा आशय आहे. येथे तीन विधाने आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नाही. कागद सापडल्याचे विधान वस्तुस्थितीचे म्हणून येते. त्यात फेरफार होता हे विधान त्या कागदाच्या वाचनावर अवलंबून आहे. फेरफार करणारा हात कोणाचा, याविषयी मात्र डफ केवळ लोकसमजाचा हवाला देतो. लोकांनी पुढे ही तीनही विधाने एकाच दर्जाची मानली, इतकेच नव्हे तर तिसऱ्यासच प्रमुख मानले.

डफ हा साताऱ्यास पोलिटिकल एजंट म्हणून राहिला होता, कागदपत्रांचा त्याचा संग्रह मोठा होता, आणि जुन्या पिढीतील माणसांशी त्याचे बोलणे झालेले होते. त्यामुळे त्याने ही कथा रचली असे म्हणण्यास जागा नाही. ती त्यास मराठी माणसांकडूनच मिळाली. परंतु घटना आणि ग्रंथ यांच्यामध्ये त्रेपन्न वर्षांचे अंतर आहे, आणि ती चिठ्ठी आज अभ्यासकांपुढे नाही. अशा स्थितीत आपल्या हाती उरतात ते दोन शब्द. त्यांचीच साक्ष घेऊ.

५

‘धरावे’ आणि ‘मारावे’ ही दोन्ही ‘-आवे’प्रत्ययान्त विध्यर्थी रूपे आहेत. या रूपाचा एक विशेष असा की त्याने आज्ञा तर होते, परंतु आज्ञा करणारा आणि ती पाळणारा, दोघेही वाक्याबाहेर राहू शकतात. ‘नारायणरावास धरावे’ या भावेप्रयोगी वाक्यात कर्म आहे, क्रिया आहे, कर्ता नाही. ‘तुम्ही धरा’ म्हटले म्हणजे ‘तुम्ही’ येतो. ‘मी धरण्यास सांगतो’ म्हटले म्हणजे ‘मी’ येतो. ‘धरावे’ म्हटले म्हणजे कोणीच येत नाही. पेशवाईतील पत्रव्यवहारात ‘करावे’, ‘पाठवावे’, ‘लिहावे’ ही रूपे पानोपानी आढळतात. तो दरबारी शिष्टाचाराचा भाग होता. तेव्हा या रूपाच्या वापरावरून काही विशेष हेतू सिद्ध होत नाही. परंतु कटातील भाषा म्हणून ते रूप किती सोयीचे होते, हे उघड आहे. कर्ता अध्याहृत ठेवण्याची मुभा व्याकरणानेच दिली असता माणसांनी ती का घेऊ नये?

दुसरा मुद्दा अर्थाचा. मराठीत ‘मारणे’ या क्रियापदाचा पहिला अर्थ प्रहार करणे हा आहे. जीव घेणे हा अर्थ त्यास प्रसंगाने प्राप्त होतो. युद्धवर्णनात तो सहज येतो, आणि ‘मुलूख मारणे’ यासारख्या प्रयोगात तर लुटणे हा अर्थ निघतो. म्हणून जेथे संदिग्धता चालण्यासारखी नसते तेथे जुनी मराठी ‘जिवे मारणे’, ‘ठार मारणे’, ‘गर्दन मारणे’ असे विशेषणयुक्त प्रयोग करते. तीच गोष्ट ‘धरणे’ची. जिवंत पकडून आणण्याचा अर्थ निःसंदिग्ध करावयाचा असल्यास बखरींची भाषा ‘जिता धरणे’ असे म्हणते. एका बाजूस ‘जिता’, दुसऱ्या बाजूस ‘जिवे’. हे दोन शब्द त्या दोन क्रियापदांचे पहारेकरी होत. राज्यकर्त्या पुरुषास पकडण्याची वा मारण्याची आज्ञा लिहिणारा मनुष्य यांपैकी एखादा शब्द लिहील, हे अधिक संभवनीय आहे, आणि तो लिहिला असता केवळ एका अक्षराने अर्थ फिरविता आला नसता. कथेतील ‘धरावे’ व ‘मारावे’ यांच्याजवळ मात्र पहारेकरी नाहीत. सांगणाऱ्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेल्या जोडीचे हे लक्षण आहे. म्हणीतील शब्द असे नेटके असतात, हुकूमातील क्वचितच.

गुप्त चिठ्ठी त्रोटकच असणार, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो रास्त आहे. म्हणून या मुद्द्यास मी निर्णायक म्हणत नाही. त्याने संशय उत्पन्न होतो, निकाल लागत नाही.

तिसरा मुद्दा वाचकाचा. चिठ्ठी लिहिली गेली ती मराठीत आणि मोडीत, असे कथा गृहीत धरते. ती ज्यांच्यासाठी लिहिली त्या गारद्यांचे म्होरके सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद यूसुफ हे होते. ‘गारदी’ हा शब्दच युरोपीय ‘गार्ड’च्या कुळातील समजला जातो, आणि या पलटणींत नाना देशींचे, नाना बोलींचे लोक असत. त्यांना मोडी वाचता येत होती असे धरण्यास आधार नाही. वाचता येत नसेल तर चिठ्ठी त्यांना कोणीतरी वाचून दाखविली, आणि तसे असेल तर लेखणीइतकीच जबाबदारी जिभेवरही येते. अक्षर बदलण्याचे कष्ट न घेताही वाचणारा ‘ध’च्या जागी ‘मा’ म्हणू शकला असता. कथेने या वाचणाऱ्याला पूर्णपणे वगळले आहे.

६

लिपीच्या दृष्टीने पाहता ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांतील ‘रावे’ हा भाग समान आहे. भेद फक्त पहिल्या अक्षराचा. तेव्हा बदल करणाऱ्यास ‘ध’चा ‘म’ करून त्यास काना जोडावयाचा होता. मोडी लिहिताना आधी पानावर आडव्या शिरोरेघा ओढून घेत आणि त्यांखाली बोरूने, होईल तितका कमी वेळा तो उचलून, अक्षरे लिहीत जात. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नव्हता, आणि काना बहुधा अक्षराच्या वळणातच मिसळून जाई. अशा सलग लिखाणात एखाद्या अक्षराचे वळण बदलणे अशक्य नाही. परंतु येथे अक्षराबरोबर कानाही घालावयाचा असून पुढे ‘रा’ लगटून आलेला आहे. असा बदल शाईच्या जाडीवरून जाणकार कारकुनाच्या नजरेस येण्याजोगा असतो. रामशास्त्र्यांच्या नजरेस तो आला, असे कथाही म्हणते.

कागदाच्या संरक्षणाची व्यवस्था त्या काळी नव्हती असे नाही. मराठी दरबारी पत्राच्या शेवटी मोर्तब होई, लेखनसीमा दर्शविली जाई, म्हणजे त्यानंतर कोणी मजकूर वाढवू नये. हा बंदोबस्त पत्राच्या शेवटाचा होता. मजकुराच्या मध्यभागी बसलेल्या अक्षराचे रक्षण लिहिणाऱ्याच्या हाताची ओळख आणि कागद नेणाऱ्याचा इमान यांवरच सोपविलेले असे. लोककथेने नेमके हेच मर्मस्थान हेरले. ज्या समाजाचा सारा कारभार कागदावर चाले, त्या समाजाच्या मनातील भय या कथेत उतरले आहे.

७

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की पत्रातील एका अक्षराच्या बदलाने मरण आणि जीवन यांची अदलाबदल होते, ही कल्पना १७७३ साली महाराष्ट्रात नवी नव्हती. जैमिनी अश्वमेधातील चंद्रहासाचे आख्यान सर्वपरिचित होते. श्रीधरस्वामींच्या मराठी रूपांतराने आणि कथाकीर्तनांनी ते घरोघर पोचले होते. धृष्टबुद्धी प्रधान चंद्रहासाच्या हातीच आपल्या मुलास पत्र देतो : या पत्रवाहकास विष द्यावे. वाटेत उपवनात चंद्रहास निजला असता प्रधानाची कन्या विषया ते पत्र वाचते, आणि ‘विष’ या शब्दापुढे एक अक्षर वाढवून ‘विषया’ करते. विष द्यावयाचे त्यास कन्या दिली जाते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथावर्गास ९३० हा क्रमांक असून मारण्याचा निरोप वाटेत बदलला जाणे हा त्यातील एक प्रसिद्ध कथाबंध आहे.

दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोहोंत सत्तेच्या आसपासचा एक वडीलधारा पुरुष आहे, दोहोंत एक तरुण आहे ज्याच्या जिवावर बेतले आहे, दोहोंत त्या पुरुषाच्या घरातील एक स्त्री पत्र गाठते, आणि दोहोंत ती एका अक्षराने भविष्य फिरविते. फरक एवढाच की विषयेने मरणाचे मंगल केले, आनंदीबाईने कैदेचे मरण केले. एका कथेचा साचा उलटा करून दुसरी ओतलेली आहे, असे म्हणण्याइतके हे साम्य जवळचे आहे. शनिवारवाड्यात कागद बदलला गेलाच नाही, हे यावरून सिद्ध होत नाही; साचा आधीपासून असल्यामुळे खरी घटनाही त्यात बसू शकते. परंतु एवढे निश्चित की १७७३ नंतर लोकांनी जेव्हा या खुनाचा अर्थ लावू पाहिला तेव्हा त्यांच्यापाशी एक तयार कथा होती, आणि तीत अक्षर बदलणाऱ्याची जागा आधीच एका स्त्रीसाठी राखलेली होती. आनंदीबाई लिहितीवाचती होती, पतीच्या राजकारणात लक्ष घालणारी होती. त्या जागेवर बसविण्यास तिच्याहून सोयीची व्यक्ती कोणती मिळणार?

त्याच प्रकारची दुसरी खूण ‘काका, मला वाचवा’ या उद्गारात दिसते. पेशव्यांच्या घरात रघुनाथरावास ‘दादासाहेब’ म्हणत. कागदपत्रांतही तो दादासाहेबच आहे. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या पुतण्याच्या तोंडी तेच संबोधन येणे स्वाभाविक होते. परंतु ‘दादासाहेब’ या शब्दातून नाते कळत नाही. ‘काका’ म्हणताच ते कळते आणि विश्वासघाताची खोलीही कळते. उद्गार घराच्या बोलीतून श्रोत्यांच्या बोलीत आणला गेला, तो असा. १९०९ साली खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ लिहिले आणि १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. तोवर या प्रकरणातील पात्रांच्या प्रतिमा लोकमानसात पक्क्या होऊन गेल्या होत्या.

८

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या कथेने काय झाकले?

असे समजा की कथा अक्षरशः खरी आहे. मूळ हुकूम ‘धरावे’ असाच होता. एका अठरा वर्षांच्या राज्यकर्त्यास त्याच्याच वाड्यात सशस्त्र शिपाई घालून पकडावयाचे, हा हुकूम निरुपद्रवी होता काय? डफच्याच वृत्तांतात एक प्रसंग आहे. पुतण्या मिठी मारून जीवदान मागत असता रघुनाथरावाने मध्यस्थी केली, आणि त्यावर सुमेरसिंगाने जे उत्तर दिले त्याचा भाव असा होता की इतक्या थरास येऊन आता यास सोडणे म्हणजे आपलाच नाश ओढवून घेणे होय. त्या उत्तरात चिठ्ठीचा, अक्षराचा, हुकमाचा उल्लेख नाही. आहे तो केवळ परिस्थितीचा हिशेब. वाड्यात रक्त सांडल्यावर जिवंत पेशवा हा गारद्यांच्या मानेवरचा सुरा होता. म्हणजे ‘धरावे’ हा हुकूम एकदा वाड्याचा उंबरठा ओलांडून आत गेला की त्याचे ‘मारावे’ होण्यास आनंदीबाईच्या लेखणीची गरज उरत नाही. ते रूपांतर प्रसंगच करतो.

ही गोष्ट पुण्यातील जाणत्या मुत्सद्द्यांना कळत नव्हती, असे मानणे कठीण आहे. ज्यांची हयात मोहिमांत आणि कारस्थानांत गेली, ज्यांनी धरणे आणि मारणे यांतील अंतर किती अरुंद असते ते पाहिले होते, ती ही माणसे. पन्नासाच्या घरातील संख्या येथे पुन्हा आठवावी. त्यांतील किती जणांना ‘मारावे’ माहीत होते, ते सांगता येणार नाही. परंतु ‘धरावे’ पुष्कळांच्या कानी होते, आणि काहींनी त्यास मान डोलावली होती. खुनानंतर या माणसांना एकमेकांचे तोंड पाहावयाचे होते, एका मसलतीत बसावयाचे होते, तहांवर एकत्र सह्या करावयाच्या होत्या. अशा मंडळीस जगण्यासाठी एक सीमारेषा हवी असते : इथवर आम्ही होतो, यापुढे आम्ही नव्हतो. ‘ध’ आणि ‘मा’ यांच्यामधील रेषा ही ती सीमारेषा होय. ‘ध’च्या बाजूस रघुनाथराव स्वतः उभा राहिला, त्याची कबुली तेवढ्याचीच होती. त्याच्यामागे, त्याच आडोशाला, आणखी कित्येकांना उभे राहता आले. ‘मा’च्या बाजूस एकटी आनंदीबाई उरली.

शिक्षा झाल्या त्याही याच क्रमाने झाल्या. यूसुफ, खरकसिंग, तुळाजी पवार पकडले जाऊन मारले गेले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच्यापायी झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले आणि १७८३ साली कोपरगाव येथे तो वारला. आनंदीबाई कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली दिवस काढून १७९४ साली मरण पावली. बापू व मोरोबा कैदेत पडले ते नारायणरावाच्या रक्तासाठी पडले नाहीत. ते नंतरच्या राजकारणात हरले म्हणून पडले. बारभाईंच्या राज्यात खुनाचा तपास जितका खाली गेला तितका तो कठोर झाला, आणि जितका वर चढला तितका मूक झाला.

या मौनास एकच ठळक अपवाद दिसतो. रामशास्त्र्यांच्या निर्णयात ‘ध’ आणि ‘मा’ यांचा भेद टिकत नाही. त्यांच्याच हाती तो फिरविलेला कागद आला, असे कथा सांगते. आणि तरीही त्यांनी प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावास, तेही देहान्ताचे. अक्षर कोणी बदलले हे त्यांच्या दृष्टीने गौण होते. पहिले अक्षर कोणी लिहिले, हे मुख्य होते. आपण वाक्प्रचार घेतला तो कथेचा, शास्त्र्यांचा न्याय मात्र वाक्प्रचारात उतरला नाही, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे.

९

वाक्प्रचार हा इतिहासाचा पुरावा असतो काय? असतो, परंतु तो ज्या घटनेविषयी बोलतो तिचा क्वचित, आणि जे लोक तो बोलतात त्यांचा निश्चित. ‘ध चा मा’वरून ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी काय घडले ते कळत नाही. त्या दुपारनंतर एका समाजाने सामुदायिक अपराधाची वाटणी कशी केली, ते मात्र त्यावरून कळते. अनेकांची संमती एका हुकमात, हुकूम एका शब्दात, शब्द एका अक्षरात, आणि अक्षर एका स्त्रीच्या हातात, अशा उतरत्या क्रमाने तो अपराध लहान लहान होत गेला आणि शेवटी म्हणीएवढा उरला.

पदव्युत्तर अभ्यासकांसाठी येथे काम पुष्कळ आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागद, खरेशास्त्र्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह, आणि १७७३-७४ मधील खाजगी पत्रे यांतून या प्रकरणी ‘धरणे’, ‘मारणे’, ‘दगा’, ‘गर्दी’, ‘पारिपत्य’, ‘बंदोबस्त’ हे शब्द कोणी, कोणत्या तारखेस, कोणाविषयी वापरले, याची कालानुक्रमे यादी केल्यास कोणती भाषा आधी होती आणि कोणती मागाहून आली हे दाखविता येईल. विशेषतः ज्या पत्रांत खुनाचा कर्ता सांगितलेला नाही, ती अधिक बारकाईने वाचावीत. जेथे मराठी वाक्यातून कर्ता नाहीसा होतो, तेथे कधी तो सर्वांना माहीत असतो म्हणून होतो, कधी त्याचे नाव घेणे सोयीचे नसते म्हणून. आणि कधी लिहिणाराच स्वतः तो असतो.